शहरात दिसलेली फौजदार

आम्हा चौघांची शहराची सहल ही आमच्या गल्लीतली एक जुनी अफवा होती. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, दोन दिवस नुसती धमाल करायची, नदीतून होडीनं फिरायचं, बागेतला बँड ऐकायचा, गच्चीवरच्या हॉटेलात बसून सगळं शहर दिवे लावताना बघायचं आणि सोमवारी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं कामावर हजर व्हायचं, असा तो बेत. दर वर्षी बेत ठरायचा आणि दर वर्षी फिसकटायचा.

फिसकटायला कारणं होती. मास्तरला सगळं घड्याळ लावून हवं असतं. तो शाळेत गणित शिकवतो आणि शाळेचं वेळापत्रकही तोच बसवतो, त्यामुळे माणसानं मजासुद्धा तासिकेनुसार करावी असं त्याला वाटतं. लिफ्टवाल्याला वेळापत्रक म्हटलं की अंगावर काटा येतो. तो जुन्या लिफ्ट दुरुस्त करतो, निम्मा महिना फिरतीवर असतो आणि पाय नेतील तिकडे जाणं यालाच तो सहल म्हणतो. मला दोघांचंही पटत नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या नाकाकानांवर फ्रेमा बसवते, त्यामुळे सुट्टीत मला एकही चेहरा जवळून बघायचा नसतो. आणि चौथी फौजदार. ती "तुम्ही ठरवाल ते" म्हणते, आणि हे ती अशा चेहऱ्यानं म्हणते की पुढे कुणाला काही ठरवायची हिंमत होत नाही.

फौजदार हे तिचं शाळेपासूनचं नाव. ती पोलिसात नाही, गाडी चालवायला शिकवते. पण तिच्या कपाळावर दोन उभ्या आठ्या जन्मापासूनच असाव्यात, भुवया एकमेकींना भिडायला आलेल्या, ओठांची टोकं खाली. गप्प बसली की समोरच्याला उगाच आठवायला लागतं, आपण कुणाचं काही उचललं तर नाही ना. तिच्याकडे शिकणारे लोक क्लच सोडण्याआधीच माफी मागतात. वास्तविक मनानं ती लोण्याहून मऊ. रस्त्यात मांजर आडवं आलं तर ते पलीकडे पोचेपर्यंत गाडी थांबवून बसते, आणि मागचे भोंगे वाजवायला लागले तर खाली उतरून त्यांची क्षमा मागते. फक्त ती क्षमा मागायला येतेय हे मागच्यांना कळत नाही, ते काचा वर करून घेतात.

तर एका संध्याकाळी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. लिफ्टवाला नुकताच शहरातून काम आटपून आला होता आणि जरा घुश्शात होता.

"परवा शहरात मला बघून न बघितल्यासारखं का केलंस?" त्यानं फौजदारला विचारलं.

"मी कुठे शहरात होते?"

"त्या दुकानात. मी काचेवर टकटक केली, हात हलवला, जीभसुद्धा काढून दाखवली. तू असं बघितलंस की आता चौकीत फोन करतेस."

"परवा मी दिवसभर एका निवृत्त न्यायाधीशांना गाडी मागे घ्यायला शिकवत होते," फौजदार म्हणाली. "त्यांनी आमचं फाटक पाडलं. बघ जाऊन."

फाटक खरंच पडलेलं होतं. आम्ही येताना ओलांडूनच आलो होतो. लिफ्टवाल्यानं कप खाली ठेवला आणि तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

"मग ती कोण?" तो म्हणाला. "बॅगा दुरुस्त करायचं दुकान आहे. आत बसून शिवत होती. तीच आठी, तेच तोंड. मानेला झटका देऊन केस मागे टाकायची तुझी सवयसुद्धा तीच."

फौजदारनं तेवढ्यात मानेला झटका देऊन केस मागे टाकले होते. ते लक्षात येऊन तिनं हात उगाच टेबलाखाली घेतला.

तिची आई ओट्यापाशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. फौजदारनं एकदम विचारलं, "आई, माझ्या वेळी जुळं वगैरे नव्हतं ना?"

"तू एकटी येताना माझा निम्मा जीव गेला," आई म्हणाली. "दुसरी आली असती तर हा चहा तुम्हाला कुणी केला असता?"

"आणि बाबा? म्हणजे, बाबांचं शहरात काही..."

आई वळली. "तुझे बाबा कोपऱ्यावर मीठ आणायला जायचे आणि काय आणायचं ते विसरून परत यायचे. तो माणूस दुसरा संसार कसला ध्यानात ठेवणार?"

विषय तिथे संपायला हवा होता. पण इतकी वर्षं न जमलेली सहल त्या एका संध्याकाळी जमली. मास्तरनं कागद ओढला. दोन खोल्या घ्यायच्या, शनिवारी दुपारी होडी, संध्याकाळी बागेत बँड, रविवारी जुना बाजार, असं त्यानं भराभर लिहिलं, आणि शनिवार सकाळच्या रकान्यात लिहिलं, "दुसरी फौजदार."

"ती काय प्राणिसंग्रहालयात आहे?" फौजदार म्हणाली. "मला नाही कुणाला बघायला यायचं. परक्या बाईच्या दारात जाऊन काय सांगायचं, तुमचं तोंड बघायला आलोय?"

"बरं, तू खाली थांब, आम्ही बघून येतो," लिफ्टवाला म्हणाला.

त्यावर ती कप विसळायला उठली. पण नंतरचे काही दिवस ती त्याला अधूनमधून गाठून एकेक बारीकसा प्रश्न विचारायची, जणू सहज. तिचे केस बांधलेले होते का? आत आणखी कुणी बसलं होतं का? आणि एकदा, गाडीची काच पुसता पुसता, त्याच्याकडे न बघता, "दिसायला बरी होती का रे?"

"तुझ्यासारखी होती," तो म्हणाला, आणि हे उत्तर चुकलं की बरोबर आलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ती माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. ती आरशासमोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "धंद्याच्या नजरेनं सांग, माझा चेहरा कसा आहे?"

मी धंद्याचंच सांगितलं. नाकाचा दांडा बारीक आहे, गालाची हाडं रुंद, चौकोनी फ्रेम शोभेल.

"तसं नाही," ती म्हणाली. "आरशात बघताना माणूस तयारीनं बघतो. आत्तासुद्धा मी भुवया जरा वर उचलूनच धरल्यात. फोटोतही तेच. मला काय झालंय असं लोक मला जन्मभर विचारत आलेत. मी कणिक मळत असते, कुणीतरी विचारतं, काय झालं? मी छान गाणं ऐकत असते, काय झालं? त्यांना नक्की काय दिसतं, ते मला कधी दिसणारच नाही ना." तिनं उचललेल्या भुवया खाली सोडल्या. "ही बाई खरंच माझ्यासारखी असेल, तर तिला काही कळायच्या आत एकदा बघायचंय मला. लांबून."

मी म्हटलं, "मग सरळ जाऊ की."

शुक्रवारी आम्ही तिच्याच गाडीतून निघालो. दुसरी गाडी कुणाकडे होती? या गाडीच्या टपावर "शिकाऊ चालक, अंतर ठेवा" अशी मोठी पाटी आहे आणि शेजारच्या सीटखाली शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक. त्या सीटवर मास्तर बसला. वाटेत कुठेही ट्रक दिसला की तो जादा ब्रेक दाबायचा आणि मागे आम्ही दोघं पुढच्या सीटवर आपटायचो. फौजदार त्याच्याकडे नुसती बघायची आणि तो "माफ कर" म्हणायचा. खरं तर ती रागावलेली नव्हती, तिला हसू आवरत नव्हतं. आम्हाला ते ओळखू येतं, तिच्या डाव्या नाकपुडीवरून. पण त्यासाठी माणसाला निम्मं आयुष्य तिच्याबरोबर काढावं लागतं.

शहरात शिरलो तेव्हा दुकानांचे दिवे लागले होते. पाटी बघून बसवालेसुद्धा आमच्यापासून दूर सरकत होते, त्यामुळे राजासारखी वाट मिळाली. खोल्या एका अरुंद इमारतीत वरच्या मजल्यावर होत्या. खाली चौक, चौकात कारंजं, कारंज्याभोवती स्केटिंग करणारी तरुण पोरं, आणि कुणीतरी अॅकॉर्डियन वाजवत होतं. आम्ही खिडकीत कोपराला कोपर लावून उभे राहिलो. लिफ्टवाल्यानं चढताना लिफ्टचा आवाज ऐकून तिचा दोर बदलायला झालाय असं मालकाला सांगून टाकलं, त्यामुळे मास्तर दोन्ही दिवस जिन्यानं चढउतार करत राहिला.

सकाळी शोध सुरू झाला, आणि मग कळलं की लिफ्टवाल्याला दुकानाचा पत्ता माहीत नाही. त्याला रस्ते आठवत नाहीत, लिफ्ट आठवतात.

"इथे जाळीच्या दाराची एक होती," तो एका कोपऱ्यावर उभा राहून म्हणायचा. "नाही, ती चौकोनी डब्याची. आपल्याला हवी ती आरसेवाली." मग एखाद्या अनोळखी इमारतीत घुसायचा, बटण दाबून कान द्यायचा आणि मान हलवत बाहेर यायचा. मास्तरचा शनिवार सकाळचा रकाना केव्हाच ओसंडून गेला होता आणि तो मनातल्या मनात होडी पुढे ढकलत होता. फौजदार आमच्या मागून चालत होती. वरवर शांत, पण काचेचं दुकान आलं की पावलं मंदावायची.

एका वळणावर फुलवाली बसली होती. तिनं फौजदारला बघितलं आणि हातातलं काम न थांबवता विचारलं, "आज दुकान कुणावर सोडलंस गं?"

आम्ही चौघंही जागच्या जागी थबकलो. फौजदारनं मागे वळून बघितलं, की दुसऱ्या कुणाला विचारतेय का. मग म्हणाली, "नाही, मी..."

"घे, उन्हाची हिंडू नकोस," असं म्हणून फुलवालीनं एक पिवळं फूल तिच्या हातात कोंबलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

थोडं पुढे काठी टेकत येणारे एक आजोबा तिला बघून हसले. नुसते हसले, मान डोलावली आणि गेले. मग एक बाई मुलाला ओढत चालली होती, ती लांबूनच म्हणाली, "दप्तर अजून शाबूत आहे हो तुमच्या कृपेनं." त्या मुलानं फौजदारला हात हलवला.

फौजदार ते फूल धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मला वाटलं तिला मजा वाटत असेल. पण तिचा आवाज वेगळाच होता.

"तोंड हेच आहे ना?" ती म्हणाली. "हेच असेल तर हे लोक हसतायत कशाला?"

 आता लिफ्टवाल्याइतकीच तिलाही घाई झाली. ती पुढे आणि आम्ही मागे असे चालायला लागलो.

दुकान गल्लीच्या टोकाला सापडलं, आरसेवाल्या लिफ्टच्या इमारतीला अगदी चिकटून. समोर एक छोटं चहाचं दुकान होतं. ठरल्याप्रमाणे आम्ही आधी तिथे, काचेपाशी, बसलो.

रस्त्यापलीकडे ती दिसत होती. टांगलेल्या बॅगांच्या रांगेखाली, शिवणयंत्राशी, एका मोठ्या प्रवासी बॅगेचं हँडल शिवत. मी रोज चेहरे बघते, सहजासहजी चकत नाही. पण त्या वेळी माझा हात आपोआप शेजारी बसलेल्या फौजदारच्या दंडावर गेला, ती इथेच आहे ना हे बघायला. तेच कपाळ. तीच ओठांची खाली वळलेली टोकं. ती बाई बॅगेकडे अशी बघत होती की बॅगेनं सगळं कबूल करावं.

फौजदार बराच वेळ बघत राहिली. चहा निवला. मग ती हळूच म्हणाली, "आत्ता नको जाऊया. काहीतरी बिनसलंय तिचं."

"काय बिनसलंय?" मास्तरनं विचारलं.

"बघ ना. कुणावर तरी भयंकर चिडलीये. नाहीतर घरून भांडून आली असेल. अशा वेळी आपण चौघं जाऊन उभे राहिलो तर बरं दिसेल का?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. लिफ्टवाल्यानं ओठ दाबून धरले, पण मास्तरला ते जमलं नाही, त्याला चहाचा ठसकाच लागला.

"काय झालं?" फौजदारनं विचारलं. मग पुन्हा रस्त्यापलीकडे बघितलं. ती बाई आता दात लावून दोरा तोडत होती आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. आवाज येत नव्हता, पण पायानं तिनं ठेका धरलेला स्पष्ट दिसत होता. कपाळावरची आठी मात्र तशीच.

"ती गातेय," फौजदार म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"म्हणजे तिचं काहीच बिनसलेलं नाहीये."

"नाही."

ती खुर्चीत मागे टेकली आणि तिनं स्वतःच्या कपाळावर दोन बोटं ठेवली, जिथे आठ्या आहेत तिथे. "म्हणजे त्यांचं काही चुकत नव्हतं," ती म्हणाली. "मी उगाच सगळ्यांवर वैतागायचे, की विचारताच कसं तुम्ही. मीसुद्धा विचारलंच असतं."

आता आत जायला निमित्त हवं होतं. चार जणांकडे चार बॅगा, चारही धडधाकट. लिफ्टवाल्यानं माझी पर्स घेतली, जरा निरखली आणि पकडीनं तिच्या चेनचा रनर एका झटक्यात उपटला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "दुकानाला उपयोग नको का आपला?"

मी पर्स घेऊन पुढे झाले, मागून तिघं. दारावरची घंटी वाजली. त्या बाईनं वर न बघताच हात पुढे केला.

"मी रागावलेली नाहीये," ती म्हणाली. "काय तुटलंय?"

हे तिनं इतक्या सरावानं म्हटलं की मला आधी कळलंच नाही. मग तिनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मास्तरकडे बघितलं, लिफ्टवाल्याला बघून तिची आठी आणखी खोल गेली, कारण जीभ दाखवणारा माणूस कोण विसरेल? आणि मग तिची नजर माझ्या खांद्यामागे उभ्या फौजदारवर गेली.

यंत्र थांबलं. त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, आता झिंज्या उपटणार.

"तुम्हाला काय झालं?" दुकानवाली म्हणाली.

"काही नाही," फौजदार म्हणाली. "माझं तोंडच असं आहे."

दुकानवालीची डावी नाकपुडी थरथरली. मी ती बघितली, आणि मला कळलं की आता ही हसणार. ती हसली ती अशी की टांगलेल्या बॅगा हलल्या. फौजदार हसली नाही, ती बघत होती. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीत कुणी दिवा लावावा आणि आतलं सामान एकेक करून दिसावं, तसं ती तो चेहरा बघत होती.

मग चौकशी सुरू झाली, दोन्ही बाजूंनी. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं म्हणून आम्ही सरळच सांगितलं की तुम्हाला बघायलाच आलोय. दुकानवालीला ते ऐकून मजा वाटली. तिनं स्टुलं दिली, चहा मागवला. कुठल्या तुम्ही, आई कुठली, वडील काय करायचे. तिचे वडील जहाजावर स्वयंपाकी होते म्हटल्यावर क्षणभर सगळे सावध झालो, पण ते आमच्या बाजूला कधी फिरकलेच नव्हते, शिवाय तिची आठी आईकडून आलेली होती. तिनं आईचा फोटो दाखवला. आई म्हणजे तीन नंबरची फौजदार.

"नातं नाही," मास्तरनं हिशेब करून जाहीर केलं. तो जरा हिरमुसला होता.

जवळून बघितल्यावर मलाही फरक दिसायला लागले. दुकानवालीचा एक कान दुसऱ्यापेक्षा खाली होता, तिला चष्मा बसवणं कठीण गेलं असतं. डोळे घारे होते, वयानंही थोडी मोठी होती. मी हे सांगितलं तेव्हा दोघींनीही माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. मग दोघीही म्हणाल्या की रागावलेल्या नाहीत.

"ते वाक्य तुम्ही नेहमी म्हणता?" फौजदारनं विचारलं.

"आल्या आल्या म्हणून टाकायचं," दुकानवाली म्हणाली. माझ्या पर्सला ती नवा रनर बसवत होती. "दुकान नवं होतं तेव्हा लोक दारातूनच परत जायचे. मी घरी येऊन रडायचे, मला वाटायचं माझं काम वाईट आहे. मग नवऱ्यानं एकदा सांगितलं, अगं, ते घाबरतात. मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हटलं, मी रागावलेली नाही बरं का. तो माणूस इतका हसला. अजून येतो. काठी टेकत येतो."

"ते भेटले मला," फौजदार म्हणाली. "मला बघून हसले."

"हसणारच. तुमच्यात त्यांना मी दिसले."

फौजदार विचारात पडली. "लाज नाही वाटत? आपणहून सांगायची?"

"तोंड आहे ते. चोरीचा माल आहे का?"

होडी हुकली. मास्तरनं काही तक्रार केली नाही, उलट कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, संध्याकाळच्या बँडला तुम्हीही चला. दुकानवालीनं जरा विचार केला, दार ओढून घेतलं आणि आली.

बागेतला बँड आम्ही समजलो होतो त्याहून मोठा होता. ढोल, कर्णे, बासऱ्या, आणि एक लठ्ठ माणूस झांजा वाजवताना प्रत्येक वेळी डोळे मिटायचा. म्हाताऱ्या जोडप्यांपासून लेकरांपर्यंत सगळे गवतावर नाचत होते. आम्ही एका बाकावर बसलो. त्या दोघी शेजारी शेजारी, आठीला आठी लावून. येणारेजाणारे त्यांच्यासमोरून जाताना आवाज कमी करत होते. एक शिपाई तर जवळ येऊन म्हणाला, "ताई, काही अडचण आहे का?"

"आम्ही रागावलेल्या नाही," दुकानवाली म्हणाली.

"आम्हाला आवडतंय," फौजदार म्हणाली. हे वाक्य तिनं तिचं तिनं बनवलं होतं, आणि ते म्हणताना तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शिपाई हसला आणि त्यानं सलाम ठोकला.

मग दुकानवाली तिला ओढून नाचायला घेऊन गेली. फौजदारला नाचता येत नाही. लिफ्टवाल्यालाही येत नाही, पण त्यामुळे तो कधी अडलेला नाही, तोही घुसला. मी आणि मास्तर बाकावरून बघत होतो. मास्तर म्हणाला, "तिला हसताना बघितलंस?" मी म्हटलं, "कुठलीला?" तो म्हणाला, "तेच म्हणतोय मी."

लिफ्टवाल्यानं दोघींचा फोटो काढला. नाचून दमलेल्या, केस विस्कटलेले, कुणाच्याच लक्षात नाही की फोटो निघतोय.

रविवारी जुना बाजार बघून आम्ही परतलो. मास्तरनं जादा ब्रेक वाटेत फक्त एकदाच दाबला.

घरी आल्यावर फौजदारनं आईला फोटो दाखवला. मी तिथेच होते. आईनं चष्मा लावला, तो मीच बसवून दिलेला आहे, आणि फोटो खिडकीपाशी नेला.

"ही तू," तिनं बोट ठेवलं. बरोबर ठेवलं. "आणि ही कोण?"

"अगं, हीच ती. माझ्यासारखी दिसणारी."

आईनं पुन्हा बघितलं. "तुझ्यासारखी कुठे? ही केवढी रागीट दिसते. काय झालंय तिला?"

फौजदारनं माझ्याकडे बघितलं. "आणि मी कशी दिसते?"

"तू हसरीच होतीस पहिल्यापासून," आई म्हणाली आणि फोटो तिच्या हातात देऊन कपडे वाळत घालायला निघून गेली.

फौजदार खुर्चीवर बसून राहिली. मी तिला काय झालं म्हणून विचारलं नाही. मग ती म्हणाली, "शहरभर हिंडून आले, आणि घरातल्या या एका माणसाला ते दिसतच नव्हतं."

सोमवारी निवृत्त न्यायाधीश गाडी शिकायला आले. ते दरवाजा उघडून बसतात न बसतात तोच फौजदार म्हणाली, "मी रागावलेली नाही." न्यायाधीशांनी स्टिअरिंगवरचा हात काढला आणि तिच्याकडे वळून बघितलं. "मग फाटकाचं?" त्यांनी विचारलं. "फाटकाचं थोडंसं," ती म्हणाली. त्या दिवशी त्यांनी गाडी पहिल्यांदा नीट मागे घेतली, असं ती सांगते. न्यायाधीश म्हणतात, त्यांना आधीपासूनच येत होतं, फक्त शेजारी निकाल बसलाय असं वाटायचं.

दुकानवाली आता महिन्यातून एकदा आमच्याकडे येते, गाडी शिकायला. शहरात शिकवणारे खूप आहेत, पण तिला तिथे कुणी नीट रागवतच नाही असं तिचं म्हणणं. परवा त्या दोघी बाजाराच्या रस्त्यानं गाडीतून चालल्या होत्या, एक स्टिअरिंगवर, एक जादा ब्रेकवर, काचेमागे दोन्ही आठ्या ठळक. समोरून येणारा टेम्पो आपणहून मागे गेला. मग एक सायकलवाला थांबला, मग भाजीची गाडी बाजूला झाली, आणि सगळा रस्ता मोकळा झाला. तेवढ्यात एक मांजर आडवं आलं. दुकानवालीनं गाडी थांबवली, आणि ते मांजर रस्त्याच्या मधोमध बसून पंजे चाटत राहिलं, तोवर दोघी त्याच्याकडे बघत बसून राहिल्या.